स्पिटफायरचें सुकाणू

संगणकावर विमान उडविण्याचा खेळ म्हटला कीं गोळीबार आणि धुराचे लोट एवढेंच चित्र पालकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. पुष्कळ मुलांचीहि कल्पना याहून फारशी निराळी नसते. परंतु या खेळांचा एक वर्ग असा आहे कीं, ज्यांत पहिले कित्येक दिवस शत्रूशीं गांठच पडत नाहीं. विमान धांवपट्टीवरून सरळ नेणें हाच तेथें पहिला धडा. अशा खेळास सिम्युलेटर म्हणतात. ‘डीसीएस वर्ल्ड’ नांवाच्या सिम्युलेटरमध्यें दुसऱ्या महायुद्धांतील स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाची नववी आवृत्ति शिकावयास मिळते. तिचाच दाखला येथें घेऊं.

मुळांत ही कल्पना नवी नाहीं. अमेरिकेंतील एडविन लिंक हा ऑर्गन व पियानो तयार करणाऱ्या कारखानदाराचा मुलगा. ऑर्गनमध्यें हवा भरणारे भाते वापरून त्यानें १९२९ सालीं जमिनीवरच डोलणारें व वळणारें एक छोटें विमान सिद्ध केलें. प्रथम तें करमणुकीच्या बागांतूनच खपलें. पुढें १९३४ सालीं अमेरिकन सैन्याच्या वैमानिकांकडे टपाल नेण्याचें काम आलें आणि खराब हवेंत त्यांतील कित्येकांचे प्राण गेले; तेव्हां कोठें सैन्यानें अशीं सहा यंत्रें विकत घेतलीं.

आतां स्पिटफायरच्या बैठकीवर बसूं. पहिली अडचण ही कीं, समोरचें कांहींच दिसत नाहीं. शेपटीखालचें चाक लहान, त्यामुळें विमानाचें लांबलचक नाक आभाळाकडे रोखलेलें असतें. म्हणून जमिनीवर तें नागमोडी चालवीत, एकदां या बाजूनें व एकदां त्या बाजूनें डोकावत न्यावें लागतें. ब्रेकची मूठ हातांतील दांड्यावर असते. ती दाबून पायानें सुकाणू ज्या बाजूस ढकलावें त्या बाजूचें चाक अधिक अडतें. यांत फार वेळ रेंगाळूनहि चालत नाहीं, कारण इंजिनाचें पाणी थंड करणारे रेडिएटर पंखांखालीं आहेत, आणि उड्डाणाचा वारा लागल्यावांचून तें पाणी लवकरच तापतें.

खरी परीक्षा पुढेंच आहे. वैमानिकाच्या बाजूनें पाहतां या विमानाचा प्रोपेलर घड्याळाच्या कांट्यांप्रमाणें फिरतो. त्यानें मागें फेंकलेली हवा पिळाप्रमाणें विमानाच्या अंगाभोंवतीं वळत जाते व शेपटीच्या उभ्या पात्यावर डावीकडून आदळते. शेपूट उजवीकडे ढकलली गेली कीं नाक अर्थातच डावीकडे वळतें. शिवाय इंजिनाच्या उलट पिळामुळें डाव्या चाकावर भार अधिक पडतो. नवशिका एकदम सारी शक्ति सोडतो. विमान डावीकडे झेपावतें. तो घाबरून उजवा पाय जोरानें दाबतो, पण उशिरा. आणि विमान उजवीकडे फिरून, चाकें जवळजवळ असल्यामुळें, पंख जमिनीस घांसतें. यावर उपाय म्हणजे शक्ति हळूहळू वाढविणें आणि उजवा पाय अगोदरच थोडा पुढें ठेवून लहान लहान दाब देत राहणें. सायकल शिकणारा मुलगा पुढच्या चाकाकडे पाहतो तोंवर पडतो. येथेंहि दृष्टि दूर असावी.

हवेंत गेल्यावर सिम्युलेटरचें उणें कळून येतें. स्पिटफायरच्या पंखांस किंचित् पीळ दिलेला आहे. त्यामुळें वेग फार उतरला किंवा वळण फार घट्ट घेतलें तर पंखाचा मुळाकडील भाग अगोदर हवेची पकड सोडतो, आणि सारें विमान थरथरून इशारा देतें. घरच्या खुर्चींत ती थरथर पाठीला जाणवत नाहीं. ती कानानें ओळखावी लागते.

मग लढाई. १९४० सालच्या स्पिटफायरमध्यें आठ बंदुका होत्या, पण गोळ्या साऱ्या मिळून सुमारें १५ सेकंद पुरत. शिवाय नाक एकदम खालीं दाबलें कीं कार्ब्युरेटरमुळें इंजिन क्षणभर गुदमरे. जर्मन मेसरश्मिटमध्यें इंधन थेट आंत फवारलें जात असल्यानें तें निसटून जाई. १९४१ सालीं बीट्रिस शिलिंग या इंजिनियर बाईंनीं इंधनाच्या मार्गांत भोंक पाडलेली एक लहानशी चकती बसवून ही खोड बरीच आटोक्यांत आणली.

ब्रिटनच्या त्या हवाई लढाईंत सुमारें ३,००० वैमानिक व त्यांचे सहकारी लढले; त्यांपैकीं ५४४ मारले गेले. कित्येक तरुण स्पिटफायरवर दहा-वीस तासच घालवून रणांत उतरले होते. संगणकावर दहाव्यांदा आदळलेला मुलगा एक कळ दाबून पुन्हां धांवपट्टीवर उभा राहतो. त्या तरुणांपाशीं अशी कळ नव्हती. पालकांनीं हा खेळ बंद करण्यापेक्षां हें एवढें मुलास सांगावें, असें प्रस्तुत लेखकास वाटतें.

उतरतांना पुन्हां तेंच नाक आडवें येतें. म्हणून धांवपट्टीकडे सरळ न येतां वळत वळत यावें व अगदीं शेवटीं विमान सरळ करावें. हें साधलें म्हणजे मुलास वाटतें कीं, स्पिटफायर आपणांस आली. मग त्यानें ‘आयएल-२ ग्रेट बॅटल्स’ या दुसऱ्या सिम्युलेटरमधील चौदावी आवृत्ति घेऊन पाहावी. तींत ग्रिफन नांवाचें अधिक बलवान् इंजिन आहे, आणि त्याचा प्रोपेलर उलट दिशेनें फिरतो. महिनाभर उजवा पाय दाबण्यास शिकलेल्या मुलाला तेथें डावा दाबावा लागतो.