उणे मताची किंमत

मुळशी तालुक्यात मतदान फक्त ग्रामपंचायतीचंच होतं असं नाही. पूर्वेला हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये आणि पश्चिमेला ताम्हिणीच्या वाटेवरच्या रिसॉर्टांत ते बारा महिने चालू असतं. बोटाला शाई लागत नाही, एवढंच.

कोड अडला की प्रोग्रामर मंडळी वर्षानुवर्षं 'स्टॅक ओव्हरफ्लो'कडे धावत आली आहेत. जेफ अ‍ॅटवुड आणि जोएल स्पॉल्स्की यांनी 2008 मध्ये सुरू केलेल्या या साइटवर उत्तर देणाऱ्याला पैसे मिळत नाहीत, गुण मिळतात. उत्तराला पसंतीचं एक मत पडलं की 10, प्रश्नकर्त्याने ते स्वीकारलं की आणखी 15. उणे मत पडलं तर 2 जातात; पण ते देणाऱ्याचाही 1 गुण कापला जातो. नियम शहाणा आहे. राग काढायचा तर पदरचं काहीतरी मोजा!

गोम अशी, की हा नियम उत्तरांपुरताच. प्रश्नाला उणे मत देणं फुकट, आणि प्रश्न विचारणारा बऱ्याचदा नवखा. त्याच्या खात्यात असतो 1 गुण, आणि त्याखाली आकडा जातच नाही. म्हणजे हिशेबाने तो काहीच गमावत नाही. तरीही चारचौघांत 'एवढंही येत नाही?' असं कुणी म्हटल्यासारखं त्याला लागतं, कारण मत कुणी दिलं ते दिसत नाही आणि का दिलं ते सांगण्याची सक्ती नाही. नवोदितांना इथे परकं वाटतं, हे साइटने 2018 मध्ये जाहीरपणे मान्य केलं. पुढच्या वर्षी प्रश्नाच्या पसंतीचे गुण 5 वरून 10 केले. उणे मत मात्र फुकटच राहिलं.

बरं, मतं तरी स्वतंत्रपणे पडतात का? लेव्ह मुचनिक, सिनान अरल आणि शॉन टेलर यांनी एका बातम्यांच्या साइटवर लाखाहून अधिक प्रतिक्रियांचा प्रयोग केला. तो 2013 मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आला. काही प्रतिक्रियांना त्यांनी सुरुवातीलाच एक खोटं पसंतीचं मत चिकटवलं. त्यांचं अंतिम गुणांकन सरासरी 25 टक्क्यांनी वाढलं. खोटं उणे मत मात्र लोकांनी भरून काढलं. गर्दी कौतुकात वाहवते, निंदेत थोडी सावध होते.

ताम्हिणीकडे गणित उलटं बसतं. गूगल मॅप्सवर लिहिणारा 'लोकल गाइड' होऊ शकतो, मग त्याला रिव्ह्यूमागे गुण मिळतात. तारा एक दिला काय नि पाच दिले काय, गुण तेवढेच. एखाद्या घरगुती होमस्टेला दहा जणांनी पाच-पाच तारे दिलेत आणि अकराव्याने 'नेटवर्क नव्हतं' म्हणून एकच दिला, तर साधी सरासरी 4.6 वर येते. हजार रिव्ह्यू असलेल्या मोठ्या रिसॉर्टला तोच एक तारा जाणवतसुद्धा नाही. एक माणूस, एक मत, हे तत्त्व इथे तंतोतंत पाळलं जातं आणि फटका तरीही लहानालाच बसतो.

भारतीय मानक ब्यूरोने 2022 मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस 19000 हे मानक आणलं. त्याची सुरुवात ऐच्छिक म्हणूनच झाली. मानक काहीही म्हणो, पर्यटकाच्या हातात एक गोष्ट आहे. रिव्ह्यूखाली मालकाला उत्तर लिहिता येतं. पावसाळ्यात मुळशीचं बुकिंग करण्याआधी तारे पाहाच, पण ते उत्तरही वाचा.