आपल्या ताटातली सुकट आणि दर्याची लूट

गिरणीत, गोदीत, नगरपालिकेत राबलेल्या आपल्या माणसांच्या घरात सुकट, जवळा आणि सुका बोंबील यांचे मोल काय आहे, हे आम्ही वाचकांना सांगायला नको. पावसाळ्यात भाजी कडाडते, मटण सणासुदीलाच. अशा वेळी कांदा-मिरचीत परतलेली मूठभर सुकट आणि भाकरी यांवर आख्खे घर जेवते. शेजारी वासाने नाक मुरडतात, ते मुरडोत! जवळा कवचासकट खाल्ला जातो, म्हणून प्रथिनांबरोबर त्यातून कॅल्शियमही मिळते. गरोदर माउलीला आणि वाढत्या लेकरांना असे स्वस्त आणि कसदार अन्न दुसरे शोधावे लागेल.

हे अन्न येते कोळी बांधवांच्या डोल जाळीतून. खुंटांना बांधलेली ही जाळी भरती-ओहोटीच्या ओढीत तोंड उघडून उभी असते. प्रवाहाबरोबर येईल ती मासळी पिशवीत अडकते. मग कोळणी बोंबील वलांडीवर टांगतात, जवळा उन्हात पसरून वाळवतात. उत्तन, वर्सोवा, अर्नाळा येथे हे काम आजही चालते. डोल जाळीतही बारीक पिल्ले सापडतात, हे लपवून चालणार नाही. परंतु खरा घाला घातला तो मोठ्या यंत्रांनी. ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडत जाळे ओढतो, पर्ससीन जाळे थव्याच्या थवा वेढून घेते. त्यात मासा लहान की मोठा, अंडी घातलेला की न घातलेला, याचा विचार नाही.

आणि या बारीक मासळीचे होते काय? तिचा मोठा भाग भुकटीच्या कारखान्यात जातो. ती भुकटी कोंबड्यांना आणि तळ्यातल्या कोळंबीला चारतात, आणि ती कोळंबी बोटीत बसून अमेरिकेला जाते. म्हणजे जो मासा वाढून गरिबाच्या ताटात आला असता, तो श्रीमंताच्या ताटातल्या कोळंबीचा चारा होतो. आम्हाला यात निसर्गाच्या हानीइतकाच अन्यायही दिसतो. समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी आणि नियंत्रण सर्वांच्या हिताला पोषक असे वाटले जावे, हे तत्त्व राज्यघटनेच्या 39 व्या कलमात आहे. दर्या ही अशी संपत्ती नाही तर काय?

दर्या कधी आटत नाही, असे म्हणणाऱ्यांनी कॅनडाकडे पाहावे. तेथील न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉड मासा शेकडो वर्षे मिळत होता. मोठ्या जहाजांनी 1968 साली एका वर्षात सुमारे 8 लाख टन कॉड उपसला. पुढे साठाच बसला आणि जुलै 1992 मध्ये सरकारला मासेमारी बंद करावी लागली. सुमारे 30 हजार लोकांची रोजी बुडाली. थोड्या वर्षांची म्हणून आलेली ती बंदी उठायला 2024 साल उजाडले, आणि तरीही साठा पूर्वीसारखा नव्हता. जहाजांचे मालक दुसरीकडे गेले, गावचा मजूर कुठे जाणार?

आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी कायदा 1981 चा आहे. 2016 मध्ये पर्ससीनवर मुदतीचे निर्बंध आले, 2017 मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांनी मासे गोळा करण्यास मनाई केली. 2023 मध्ये पापलेटला राज्यमासा ठरवले आणि अनेक जातींच्या माशांचे किमान आकारमान शासनाने जाहीर केले. कागद उत्तम आहेत. पण रात्री समुद्रात दिवे लावणाऱ्या बोटीला अडवायला गस्तीची बोट हवी, माणूस हवा, आणि तेथेच सगळे अडते. भांडवलवाल्यांची बोट सुटते, लहान होडीवाला मात्र बंदरावर सापडतो.

आपण खरेदीदारही या साखळीतले एक टोक आहोत. तळहातात मावणारे पापलेट स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. त्याने अजून एकदाही अंडी घातलेली नसण्याचीच शक्यता जास्त. जून-जुलैत यांत्रिक होड्या बंद असतात, मासे विणीला लागतात. तेव्हा ताज्याचा हट्ट सोडून सुकी मासळीच वापरावी. ती मे महिन्यातच कोळणीकडून भरून घ्यावी, घरी पुन्हा एकदा कडक ऊन दाखवावे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. ओल लागली की मात्र आठवड्यात बुरशी धरते.