न दिसणारे दाखवणारा शास्त्रज्ञ

मुलांनो, कांद्याचा पातळ पापुद्रा सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवण्यापूर्वी शिक्षक त्यावर रंगाचा थेंब टाकतात. का बरे? कारण पेशी जवळजवळ पारदर्शक असते. पाण्यात पडलेला काचेचा तुकडा जसा चटकन दिसत नाही, तशीच तीही दिसत नाही. पण रंग दिल्यावर पेशी बहुधा मरते. मग जिवंत पेशीतील हालचाल पाहायची कशी?

हे कोडे फ्रिट्स झर्निके यांनी सोडवले. त्यांचा जन्म १८८८ साली हॉलंडमधील ॲमस्टरडॅम शहरात झाला. ते ग्रोनिंगेन विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवत असत.

पेशीतून जाताना प्रकाशाची लहर किंचित मागे पडते. हा फरक आपल्या डोळ्यांना कळत नाही. डोळ्यांना फक्त रंग आणि कमीअधिक उजेड कळतो. झर्निके यांनी यंत्रात एक खास काचपट्टी बसवली. तिच्यामुळे लहरींतील तो फरक कमीअधिक उजेडाच्या रूपात दिसू लागला. रंग न देताच जिवंत पेशी स्पष्ट दिसली!

१९३२ साली ते आपला शोध घेऊन जर्मनीतील येना शहरातील एका प्रसिद्ध कारखान्यात गेले. तो उपयोगाचा असता तर आम्हीच केव्हाच लावला असता, असे तेथे त्यांना ऐकावे लागले. पण झर्निके खचले नाहीत. पुढे त्यांच्या पद्धतीची यंत्रे तयार झाली. १९५३ साली त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आज जगभरातील प्रयोगशाळांत एका पेशीच्या दोन पेशी होताना पाहता येतात. आपले काम खरे असेल, तर कोणाच्या नकाराने थांबू नये, हेच झर्निके यांच्या जीवनातून आपण शिकतो.