लवादाला सोडचिठ्ठी, सहीची धास्ती कायम

लोकसभा निवडणुकीची मतमोजणी ४ जून २०२४ रोजी होती. आदल्या दिवशी, सारी राजधानी जागांच्या बेरजा-वजाबाक्यांत गुंतलेली असताना, अर्थ मंत्रालयाच्या खर्च विभागाने एक परिपत्रक जारी केले. सरकारी खरेदी व बांधकामाच्या कंत्राटांत लवादाचे कलम सरसकट घालू नये. घातलेच तर सर्वसाधारणपणे १० कोटी रुपयांपेक्षा कमी रकमेच्या वादांपुरते असावे. त्याहून मोठ्या वादांसाठी ते ठेवायचे असल्यास कारणे नोंदवून वरिष्ठांची मंजुरी घ्यावी, असा त्याचा आशय. १९९६ चा लवाद कायदा संसदेने संमत केला, २०१५, २०१९ व २०२१ मध्ये त्यात दुरुस्त्या केल्या. भारत हे लवादाचे जागतिक केंद्र व्हावे, हे स्वप्न त्या निमित्ताने वारंवार दाखविले गेले. देशातला सर्वांत मोठा पक्षकार असलेल्या सरकारने त्या व्यवस्थेतून काढता पाय घेतला, तो मात्र एका परिपत्रकाने.

सरकारची तक्रार निराधार नाही. लवाद वेळखाऊ व खर्चिक ठरला, निवाडे चुकले तरी दाद मागण्याची वाट अरुंद, आणि संगनमताचे आरोपही होतात, असे परिपत्रक म्हणते. दिल्ली मेट्रोचे उदाहरण ताजेच होते. विमानतळ मार्गिकेचा २००८ मधील सवलत करार खासगी कंपनीने संपुष्टात आणला आणि २०१७ मध्ये लवादाने तिच्या बाजूने निवाडा दिला. उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने तो उचलून धरला, खंडपीठाने रद्द केला, सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुनरुज्जीवित केला आणि १० एप्रिल २०२४ रोजी उपचारात्मक याचिकेवर त्याच न्यायालयाने तो पुन्हा मोडीत काढला. व्याजासह रक्कम साडेसात हजार कोटींपुढे गेली होती. एवढा झटका बसता बसता राहिल्यावर नोकरशाहीने लवादाची धास्ती घेतली, यात नवल नाही.

पण अशा निवाड्यांवरून सगळ्या कंत्राटांचा न्याय करणे चुकीचे आहे. यमुनापार त्रिलोकपुरीतील घरांचे प्रकरण पाहा. दिल्ली विकास प्राधिकरणाने मध्यम उत्पन्न गटाची १६८ आणि अल्प उत्पन्न गटाची ५६ घरे बांधण्यासाठी डिसेंबर १९९० मध्ये निविदा काढली. किंमत सुमारे ८७ लाख ६७ हजार, मुदत नऊ महिने. काम ३४ महिन्यांनी संपले. त्यातील २५ महिन्यांच्या विलंबाला प्राधिकरणच जबाबदार, असे लवादाने ठरविले आणि कंत्राटदाराला सुमारे २३ लाख देवविले. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने त्याला कात्री लावली. सर्वोच्च न्यायालयाने निवाडा पूर्ववत केला, तेव्हा नोव्हेंबर २०१४ उजाडला होता. तो निकाल आज लवादाच्या खटल्यांत हमखास उद्धृत होतो. तेवीस लाखांसाठी चोवीस वर्षे! या काळातील वकिलांचा खर्च कोणी मोजला असेल, असे वाटत नाही.

बांधकाम कंपन्यांच्या वकिलांचे काम न्यायालयात सुरू होते, हा समज भाबडा आहे. ते सुरू होते कामाच्या जागेवरच्या अडथळ्यांच्या नोंदवहीत. जागा कधी ताब्यात मिळाली, नकाशे किती उशिरा आले, झाडे तोडण्याची परवानगी कुठे अडली, याच्या नोंदींवर कनिष्ठ अभियंत्याची सही असली, तर पुढे मुदतवाढ, भाववाढ आणि नुकसानभरपाई मागता येते. ती नसेल तर बडा वकीलही फारसे काही करू शकत नाही. बँक हमी वठविण्यास न्यायालय क्वचितच स्थगिती देते, त्यासाठी उघड फसवणूक किंवा कधीच भरून न येणारे नुकसान दाखवावे लागते. काळ्या यादीत टाकण्यापूर्वी कारणे दाखवा नोटीस मात्र आवश्यक असते आणि तेथे कंत्राटदाराला दाद मिळते.

खरी मेख आहे ती सहीत. रास्त मागणी मान्य करून धनादेशावर सही करणाऱ्या अभियंत्याला लेखापरीक्षण आणि दक्षता विभागाचे प्रश्न झेलावे लागतात. तीच मागणी फेटाळून न्यायालयाचा आदेश येऊ देणाऱ्याला कोणी काही विचारत नाही; आदेश येईपर्यंत त्याची बदलीही झालेली असते. हे खर्च विभागाला ठाऊक आहे. याच विभागाने ऑक्टोबर २०२१ मधील सूचनांत मान्य केले होते की, आव्हान दिलेल्या निवाड्यांपैकी बहुसंख्य प्रकरणांत अखेर कंत्राटदारच जिंकतो आणि सरकारला कर्जाच्या दरापेक्षा अधिक दराने व्याज भरावे लागते. म्हणजे विलंबाचा मोठा वाटा अपिलांचा, आणि शिक्षा लवादाला.

२०२३ च्या 'विवाद से विश्वास' योजनेत लवादाच्या निवाड्यांसाठी निव्वळ रकमेच्या ६५ टक्क्यांपर्यंत देऊन तडजोड करण्याची मुभा होती आणि ५०० कोटींपर्यंतचे, अटींत बसणारे दावे स्वीकारणे विभागांना बंधनकारक होते. टक्केवारी योजनेने ठरविलेली, त्यामुळे सही करणारा सुरक्षित.

नव्या धोरणात १० कोटींहून मोठे वाद बहुतांश दिवाणी वा व्यापारी न्यायालयांत जातील. पदरी वकिलांची फौज असलेल्या कंपन्या तग धरतील. पण त्यांनाही मर्यादा आहेत. वांद्रे-वरळी सागरी सेतू बांधणाऱ्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शनने २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मांडलेली व्यथा हीच होती: सरकारी उपक्रमांकडील निवाड्यांचे पैसे अडकलेले आणि त्याहून कितीतरी लहान देण्यांसाठी पुरवठादार दिवाळखोरीच्या अर्जांसह दारात. न्यायालयाने तेव्हा निवाड्याला आपोआप स्थगिती देणारी नवी तरतूद घटनाबाह्य ठरविली. मुख्य कंत्राटदाराचे बिल थांबले की उपकंत्राटदाराचे थांबते, मग खडी-वाळूवाल्याचे आणि शेवटी मुकादमाचे. या साखळीतल्या माणसांसाठी परिपत्रकात ओळही नाही.

लवादाऐवजी परिपत्रक मध्यस्थीची शिफारस करते. मोठ्या वादांत निवृत्त न्यायमूर्ती व निवृत्त अधिकाऱ्यांच्या उच्चस्तरीय समित्या नेमता येतील, असेही सुचविते. पण संसदेने २०२३ मध्ये संमत केलेल्या मध्यस्थता कायद्यातील तरतूद अशी की, सरकार पक्षकार असलेल्या तडजोडीवर सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वसंमतीनंतरच सही होईल. ती लेखी संमती कोणत्या मजल्यावरून यायची, याची वाट आता मंत्रालयांच्या फायलींनी पाहायची आहे.