मचाण आणि माळा

(लेखमाला : माणसाचे नाद – भाग नववा)

परभणी सोडली की पूर्णेच्या वाटेवर पहिलं स्टेशन लागतं ते पिंगळीचं. माझं आजोळ तिथं. जानेवारीत गेलं की शिवारात ज्वारी हुरड्यावर आलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले, तूर वाळत चाललेली असते. आणि बांधाबांधानं काठ्या रोवून जुन्या साड्या बांधलेल्या असतात. नवख्याला वाटावं, सगळ्या गावानं आजच धुणं काढलं. त्या साड्या असतात रोह्यांसाठी आणि रानडुकरांसाठी. वाऱ्यानं पदर हलला की जनावर बुजतं, असा हिशेब. पहिले चार दिवस बुजतंही. मग साडी ही नुसती साडीच आहे हे त्याला कळतं, आणि माणसाला जागलीला जावं लागतं.

मामाचा माळा म्हणजे चार बाभळीच्या मेढी, वर आडवी लाकडं, त्यावर तुराट्या आणि कडबा. सोबत बॅटरी, पत्र्याचा डबा, दोन-चार फटाके आणि घोंगडी. शेजारच्या वावरात झटका मशीन आलंय, पण मामाचा भरवसा डब्यावर. रात्रभर कान देऊन बसायचं. पान वाजलं की अंग आखडून घ्यायचं, पुन्हा वाजतंय का ते ऐकायचं.

आता हेच वर्णन उचलून एखाद्या शिकारकथेत ठेवा. उंचावर बांधलेलं मचाण, कडाक्याची थंडी, अंधार, घोंगडी, वाजलेलं पान, रोखलेला श्वास. काडीचा फरक नाही. तरी एक जण ती रात्र जन्मभर रंगवून सांगतो आणि दुसरा सकाळी उतरताना म्हणतो, "कंबरडं मोडलं बघ." या आठवड्याचा प्रश्न मला या दोघांनी मिळून दिलाय: शिकारीत माणसाला मौज वाटते ती नेमकी कशाची?

उत्तरं पुष्कळ आहेत आणि त्यांचं आपसात जमत नाही. भांडण इतकं जुनं की ते शब्दांतच मुरलंय. 'मृगया' या शब्दाच्या मुळाशी शोधणं आहे, मारणं नाही. आपली 'पारध' मात्र संस्कृत कोशकारांनी 'पापर्द्धि'पाशी, म्हणजे पापाच्या वाढीपाशी नेऊन बसवली. मूळ प्राकृत शब्दावर हा संस्कृत साज मागाहून चढवला, असंही एक मत आहे. असेल. पण साज चढवणाऱ्याला शिकारीबद्दल काय वाटत होतं, ते त्यातून कळतंच. 'शिकार' आली फारसीतून, दरबारी थाट घेऊन, आणि बाकीच्या दोघींना मागं सारून बसली.

मागच्या भागात आपण जुगार पाहिला. कौटिल्यानं अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात राजाच्या व्यसनांची चर्चा करताना नेमकी या दोघांची तुलना केली आहे. तिथं पिशुन नावाच्या आचार्याचं मत आधी येतं: जुगारापेक्षा मृगया वाईट. रानात चोर, शत्रू, श्वापदं, वणवा, ठेच, दिशाभूल, तहान, भूक, सगळं राजाच्या जिवावर बेतणारं. जुगारात निदान फासे जाणणारा जिंकतो तरी. कौटिल्याला हे पटत नाही. तो म्हणतो, जुगारातही दोघांपैकी एक हरतोच. नळाचं आणि युधिष्ठिराचं काय झालं ते आठवा. शिकारीत उलट व्यायाम होतो, चरबी झडते, घाम निघतो, हलत्या आणि स्थिर लक्ष्यावर नेम बसतो, आणि रागावलेलं किंवा भ्यालेलं जनावर कसं वागतं ते कळतं. दोन्ही बाजूंचा युक्तिवाद चोख आहे. फक्त राजाला त्यात मजा का येते, याबद्दल दोघंही एक अक्षर काढत नाहीत. जनावराबद्दल तर नाहीच.

कालिदास त्या बाबतीत जास्त मिश्कील. 'शाकुंतला'च्या दुसऱ्या अंकात दुष्यंताचा विदूषक रडकुंडीला आलाय. भर उन्हाळ्यात विरळ सावलीच्या रानातून वणवण, पानं कुजून कडू झालेलं झऱ्याचं पाणी, अवेळी भाजलेलं मांस, घोड्यामागं धावून खिळखिळे झालेले सांधे, आणि जरा डोळा लागतो तोच पहाटे रान उठवणाऱ्यांचा कालवा. मग सेनापती येतो आणि मृगयेचं असं गुणगान करतो की ऐकणाऱ्यानं धनुष्य उचलावं: पोट सपाट होतं, अंग हलकं होतं, भय आणि क्रोध यांत प्राण्याचं मन कसं पालटतं ते दिसतं, लोक उगाच याला व्यसन म्हणतात. पण गंमत त्याच्या आधीच्या कुजबुजीत आहे. तो विदूषकाला हळूच सांगतो, गड्या, तू विरोधाला घट्ट राहा, मी आपला धन्याच्या मनासारखं बोलतो! म्हणजे संस्कृत साहित्यातली मृगयेची ही गाजलेली स्तुती करणारा माणूस स्वतः शिकारीला कंटाळलेला आहे. शिकारीच्या कौतुकाचं कुठलंही पान उघडलं की मला तो सेनापती आठवतो. हे बोलणारा कुणाच्या पदरी आहे, एवढं एकदा पाहून घ्यावं.

पिंगळीचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यातला. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांना वाघाच्या शिकारीचा मोठा शौक होता, आणि त्यांच्या पदरी राजा दीनदयाळ यांच्यासारखा छायाचित्रकार होता. १९०२ साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन वरंगळच्या बाजूला शिकारीला आले, तेव्हाचं मारलेल्या वाघासोबतचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. अशा चित्रांत टोपी असते, बंदूक असते, पायाशी वाघ असतो. ज्यांनी डफ बडवत रान उठवलं आणि वाघाला बंदुकीपुढं आणून घातलं, ते हाकेवाले चित्रात आले तरी कडेला, बिननावाचे. शिकारीची मौज दिसण्यात असते, हे मत मांडायला यापेक्षा चांगला पुरावा नको.

अर्थात हे मत मांडणाऱ्यांनी ते राजवाड्यातून आणलेलं नाही. टांझानियात हाडझा नावाचे लोक आजही शिकारीवर आणि कंदमुळांवर गुजराण करतात. त्यांचे पुरुष मोठ्या जनावरांच्या मागं लागतात आणि बहुतेक दिवस हात हलवत परततात. ससे-पाखरं धरली तर रोज थोडंथोडं तरी हाती लागेल. शिवाय मोठं जनावर मिळालं तरी मांस साऱ्या वस्तीत वाटलं जातं, मारणाऱ्याच्या घरात फारसं उरत नाही. मग हा उपद्व्याप कशाला? क्रिस्टन हॉक्स या मानवशास्त्रज्ञ बाईंनी १९९१ मध्ये सुचवलं की हे पोटासाठी कमी आणि नावासाठी जास्त आहे. याला विरोध करणारे म्हणतात, नाव कसलं, हा विमा आहे. आज माझं जनावर तुम्ही खाल्लंत, उद्या तुमचं मी खाईन. वाद मिटलेला नाही. लग्नातल्या पंगतीचा खर्च पाहिलेल्या मराठी माणसाला दोन्ही बाजू एकदम खऱ्या वाटतील.

आता मराठवाड्यातल्या दुसऱ्या शिकाऱ्याकडं वळू. फासेपारधी तितर, लावा, ससा आणि एके काळी हरणं धरायचे ती फाशांनी. गायपारधी शिकवलेल्या गाईच्या आडोशानं कळपाच्या जवळ सरकायचे. चित्तापारध्यांचं कसब असं की कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या काळवीट-शिकारीचे चित्ते तयार करण्याचं काम त्यांच्याकडं होतं. म्हणजे राजाची हौस उभी राहायची ती पारध्याच्या विद्येवर. पण १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी ज्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवण्याची सोय केली, त्यांच्या यादीत पुढं पारधीही गेले. १९५२ मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला आणि ते 'विमुक्त' झाले. पोलिसांच्या आणि गावाच्या मनातून तो किती पुसला, हे वेगळं सांगायला नको. काळवीट तेच, रान तेच. एकाच्या नावापुढं शौक लागला, दुसऱ्याच्या नावापुढं गुन्हा.

पारध्याला मौज वाटत होती का, हे कुणी विचारत नाही. पोटासाठी करत होता, एवढं लिहून पुस्तकं पुढं जातात. मी लहान असताना आजोळी एक म्हातारे पारधीबाबा पारावर बसायचे. एकदा आम्हा पोरांच्या हट्टाखातर त्यांनी तितराचा आवाज काढला. पहिल्यांदा काहीच झालं नाही. त्यांनी हातानं गप्प बसायची खूण केली आणि पुन्हा काढला. लांब तुरीतून उत्तर आलं. मग इकडून एक, तिकडून एक, असं पाचेक मिनिटं चाललं. फासा जवळ नव्हता, पाखरू धरायचं नव्हतं, बाबांना दुपारी जेवायला मिळालं होतं की नाही, तेही मला ठाऊक नाही. पण ते हसत होते. ते हसू भुकेचं नव्हतं.

मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांना त्या हसण्याचं नवल वाटणार नाही. वोल्फ्राम शुल्त्स यांनी माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. डोपामीन तयार करणाऱ्या पेशी फळाचा रस तोंडात पडल्यावर जेवढ्या उसळतात, त्याहून जास्त, सराव झाल्यावर, रस येणार असल्याची खूण दिसताच उसळतात. मिळण्यापेक्षा मिळेलसं वाटण्यात गोडी जास्त. जुगारी हे जाणतो, गळ टाकून बसलेला जाणतो, आणि परीक्षेच्या निकालाआधीची रात्र आठवली तर आपणही जाणतो. स्पॅनिश तत्त्वचिंतक ओर्तेगा इ गासेत यांनी १९४२ मध्ये याच्या जवळपासचं म्हणणं मांडलं: शिकाऱ्याला मारण्यात रस नसतो, पण मारण्याची शक्यता काढून घेतली तर शिकारही उरत नाही. शिकारी म्हणजे सतत सावध असलेला माणूस, असं त्यांचं म्हणणं. मला ते बरंच पटतं आणि एका जागी अजिबात पटत नाही. सावध तर मामाही असतो.

सर थॉमस मूर यांनी १५१६ मध्ये 'युटोपिया' लिहिलं, त्यात या सगळ्याला एका फटक्यात उडवलंय. त्यांच्या आदर्श राज्यात शिकार हे खाटकाच्या धंद्यातलं सर्वांत हलकं काम, ते गुलामांकडं सोपवलेलं. कुत्रा सशामागं धावतोय हे पाहण्यात आनंद असेल तर कुत्रा कुत्र्यामागं धावताना का पाहू नये, असा त्यांचा खोचक सवाल.

हा सवाल आपल्याकडच्या दोन माणसांना वेगळ्या वाटेनं सुटला. सालिम अली यांचं पक्षीवेड सुरू झालं ते लहानपणी एअरगननं पाडलेल्या पिवळ्या कंठाच्या चिमणीपासून. पुढं १९३१-३२ मध्ये त्यांनी निजामाच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी केली तीही बंदूक घेऊनच, कारण नमुना हाती घेतल्याशिवाय त्या काळी शास्त्र पुढं जात नव्हतं. व्यंकटेश माडगूळकर तर तरुणपणी रीतसर शिकारी. पुढं त्यांनी बंदूक ठेवली आणि वही-पेन्सिल घेऊन नागझिऱ्याला जाऊन राहिले. माग काढणं, वारा पाहणं, दडून बसणं, सगळं तेच. चाप तेवढा गळला. म्हणजे ओर्तेगांचं म्हणणं निदान माडगूळकरांपुरतं खोटं ठरलं. की बंदुकीनं आधी शिकवलं म्हणून पेन्सिलीला ते साधलं? मला दुसरं जास्त खरं वाटतं, आणि ते मान्य करायला थोडं जड जातं.

१९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनं हौसेच्या शिकारीचं दार पुरतं बंद झालं. उरला उपद्रवी जनावरांचा प्रश्न. २०१५ मध्ये राज्य सरकारनं पिकं उद्ध्वस्त करणारी रोही आणि रानडुकरं परवानगी घेऊन मारायची मुभा दिली. पण परवानगी मिळाली तरी बंदूक आणायची कुठून आणि चालवायची कुणी? मग बाहेरचा नेमबाज येतो आणि जुना संशय जागा होतो: हा कामासाठी आलाय की हौसेसाठी? २ नोव्हेंबर २०१८ ला यवतमाळ जिल्ह्यात अवनी वाघीण मारली गेली, तेव्हा हेच झालं. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. शहरांत शिकाऱ्यावर राग निघाला, तिकडं त्या भागातल्या गावांत फटाके वाजले. गावकऱ्यांचा आनंद पाहून लोक म्हणाले, बघा, रक्ताची चटक. मला तो आनंद शिकारीचा वाटत नाही. संध्याकाळी शेतातून परत येणारा माणूस परत येईल, याचा तो आनंद होता. हौशी शिकाऱ्याला वाघ मेल्यावर थोडं रितं वाटतं, पुढचा वाघ कधी, असं होतं. या गावांना पुढचा वाघ नको होता.

यंदा मी मामाला म्हणालो, आज जागलीला मी बसतो. मामा हसला. "बस की. तू हौशेनं आलास, तुला उद्या गाडी हाय. मला हरभरा हाय." माझ्या लेखाचा अर्धा भाग त्यानं तिथंच संपवला. मग घोंगडी ओढून तो माळ्यावरच आडवा झाला आणि दोन मिनिटांत घोरायला लागला.

दोनच्या सुमारास ओढ्याच्या अंगानं काहीतरी वाजलं. थांबलं. पुन्हा वाजलं. थंडी कुठं गेली कळलं नाही. चंद्र होता, बॅटरीची गरज नव्हती. साड्यांच्या रांगेशी एक काळसर निळा रोही येऊन उभा राहिला, घोड्याएवढा, कान माझ्याकडं वळवलेले. त्याच्यामागं दोन माद्या. त्यानं मान खाली घालून साडी हुंगली आणि अलगद आत पाय टाकला. मी श्वास धरून बसलो होतो. इतकं काही नीट पाहिल्याचं मला गेल्या कित्येक वर्षांत आठवत नाही. घाटे मोडल्याचा आवाज येत होता, बारीक, एकसारखा.

घोंगडीखालून मामाचा आवाज आला, "आरं, डबा वाजव की! बघायलास काय?"