लॉगिन कुणाचे, नोंद कुणाची?

पिंपरी-चिंचवड महापालिका असो की चाकण परिसरातल्या जिल्हा परिषद शाळा, आस्थापनेची कामे आता ऑनलाइन होऊ लागली आहेत. हजेरी, वेतन, बदली असे एकेक काम कागदावरून पडद्यावर सरकते आहे. त्यावरची चर्चा मात्र काही ठरलेल्या समजुतींभोवती फिरते. कर्मचाऱ्याच्या दृष्टीने खरे प्रश्न दोनच आहेत: माझ्याविषयीची नोंद मला दिसते का, आणि ती चुकली तर कोण, किती दिवसांत दुरुस्त करतो?

गैरसमज १: कर्मचाऱ्यांना संगणक येत नाही, म्हणून तक्रारी होतात.

वस्तुस्थिती: जिल्हा परिषदेचे शिक्षक विद्यार्थ्यांची माहिती यू-डायस आणि सरल या सरकारी पोर्टलांवर वर्षानुवर्षे भरत आले आहेत. जानेवारी २०१८ मध्ये वेतनाची ‘शालार्थ’ प्रणालीच कोलमडली आणि राज्यभर पगार ऑफलाइन काढावे लागले. त्यात शिक्षकांच्या संगणक-ज्ञानाचा काही संबंध नव्हता. प्रणाली सुरळीत चालते तेव्हाही वेतनदेयक मुख्याध्यापकाच्या लॉगिनमधून निघते आणि तिथून वरच्या कार्यालयांकडे ‘फॉरवर्ड’ होत जाते. वेतनवाढीची नोंद चुकली, तर ती ज्याची आहे त्याच्या हाती अर्ज करण्यापलीकडे फारसे काही नसते. वास्तविक १९८१च्या महाराष्ट्र नागरी सेवा नियमांनुसार कर्मचाऱ्याने दरवर्षी आपले सेवापुस्तक पाहून सही करायची असते. कागदाच्या काळातला हा हक्क पडद्यावर अधिक सोपा व्हायला हवा होता.

गैरसमज २: बदल्या संगणकाने केल्या की वशिला संपतो.

वस्तुस्थिती: यात तथ्य आहे, पण अर्धेच. २७ फेब्रुवारी २०१७च्या शासन निर्णयाने जिल्हा परिषद शिक्षकांच्या जिल्हांतर्गत बदल्या ऑनलाइन झाल्या. एकट्या खेड तालुक्यात चाकणसारखी हमरस्त्यावरची गावे आहेत आणि भोरगिरीसारखी डोंगरातलीही. अशा ठिकाणी कुणाला कुठली शाळा मिळते याला फार मोल असते, त्यामुळे संवर्ग आणि सेवाज्येष्ठतेनुसार यादी लागणे ही सुधारणाच होती. मात्र संगणकाला अर्जातली माहिती खरी की खोटी हे कळत नाही. पती-पत्नी एकत्रीकरणाचा लाभ दोघांच्या शाळांमधले अंतर ३० किलोमीटरपेक्षा जास्त असल्यास मिळे. ते अंतर कोणत्या रस्त्याने मोजायचे आणि कुणाच्या दाखल्यावर विसंबायचे, हे माणसेच ठरवत होती. २०१८च्या बदल्यांनंतर अनेक जिल्ह्यांत खोट्या माहितीच्या तक्रारी झाल्या, फेरतपासण्या कराव्या लागल्या. वेतनाच्या प्रणालीतही हेच दिसले: २०२५ मध्ये नागपुरात अपात्र व्यक्तींना शालार्थ आयडी दिल्याचे प्रकरण उघड होऊन शिक्षण विभागातल्या अधिकाऱ्यांना अटक झाली. वशिल्याने जागा बदलली होती. तो आता माहिती भरण्याच्या आणि मंजुरीच्या टप्प्यावर येऊन बसला होता.

गैरसमज ३: चाकणच्या कंपन्यांत जमते, मग पालिकेत का नाही?

वस्तुस्थिती: कारखान्याला गेट असते आणि पाळीची वेळ ठरलेली असते. महापालिकेचा सफाई कर्मचारी आरोग्य कोठीवर हजेरी लावून रस्त्यावर जातो, व्हॉल्व्हमन पाण्याच्या वेळापत्रकाप्रमाणे फिरतो, वायसीएम रुग्णालयातली परिचारिका रात्रपाळी करते. शिवाय ठेकेदाराकडचे कामगार त्याच रस्त्यावर राबतात, पण त्यांचे नोकरीचे दप्तर ठेकेदाराकडे असते. या सगळ्यांना एकाच साच्यात बसवले की अपवादांचा ढीग साचतो. तरीही कंपन्यांकडून घेण्यासारखी एक गोष्ट नक्की आहे, आणि ती म्हणजे टाइम ऑफिस. पंच चुकला की कुठल्या खिडकीवर जायचे हे तिथल्या कामगाराला ठाऊक असते. पालिकांनी हजेरीचे यंत्र आणले तेव्हा ती खिडकीही आणायला हवी होती.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो: दुरुस्तीची वाट मोकळी केली, तर जो तो आपल्या सोयीने नोंदी फिरवील. पण दुरुस्ती मागणे वेगळे आणि ती मंजूर करणे वेगळे. मागणी कर्मचाऱ्याने करावी, निर्णय सक्षम अधिकाऱ्याने द्यावा आणि प्रत्येक बदलामागे नाव, तारीख व कारण कायम राहावे. जन्मतारखेच्या दुरुस्तीसाठी सेवेत आल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करण्याची अट सेवानियमांत आधीपासून आहेच. म्हणजे हक्क आणि मर्यादा एकत्र नांदू शकतात. उलट जिथे दुरुस्तीची अधिकृत वाट नसते, तिथेच ओळखीपाळखीची चोरवाट तयार होते. म्हणून पुढच्या प्रणालीच्या निविदेत दोन अटी स्पष्ट असाव्यात: प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतःचे लॉगिन, आणि चुकीची नोंद किती दिवसांत निकाली निघेल याची मुदत. त्या मुदती किती वेळा पाळल्या गेल्या, हे दरमहा जाहीर करावे. एखादी प्रणाली यशस्वी झाली की नाही, हे त्या आकड्यावरून ठरवता येईल.