'बघू नंतर' म्हणजे नक्की कधी?

बॉस 'बघू नंतर' म्हणाला की आपण काय ते समजून जातो. आयडिया गेली बासनात! पण एखादा खरंच 'नंतर'ची वाट बघत बसला आणि चार दिवसांनी पुन्हा तोच विषय घेऊन केबिनमध्ये गेला, तर? तर्री-पोहे खाताना आपण त्याच्यावर मस्त हसून घेणार. तो कदाचित ऑटिस्टिक असेल, हे डोक्यातही येत नाही.

कारण ऑटिझम म्हटलं की आपल्याला लहान मूलच दिसतं. ते मूल मोठं होतं बॉस! डिग्री घेतं, मिहानमधल्या कंपनीत इंटरव्ह्यूला जातं. टेस्टमध्ये टॉप, आणि 'स्वतःबद्दल सांगा'वर ठप्प.

अशा मोठ्यांसाठी कॉग्निटिव्ह एन्हान्समेंट थेरपी नावाचं एक ट्रेनिंग आहे. मुळात ते स्किझोफ्रेनियासाठी तयार झालं. ('देवराई'तला अतुल कुलकर्णी आठवतोय? तोच आजार.) अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठाच्या शॉन ईक यांच्या टीमने ५४ ऑटिस्टिक प्रौढांवर ते तपासलं. काहींना हे ट्रेनिंग, उरलेल्यांना एकेकट्याने समुपदेशन. तब्बल १८ महिने! यात दोघादोघांच्या जोडीने कॉम्प्युटरवर लक्ष, स्मरणशक्ती, प्रॉब्लेम सोडवणं यांचा सराव होतो. जोडीने, ही मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते. शेजारच्याला धीर देता देता संवादाचाही रियाज होतो. पुढे छोट्या ग्रुपमध्ये समोरच्याच्या जागी उभं राहून विचार करणं, लांबलचक बोलण्यातून नेमका मुद्दा पकडणं.

२०१८मध्ये रिझल्ट आले. समाजात वावरण्याची समज दोन्ही गटांत वाढली होती, पण ट्रेनिंगवाल्यांचं लक्ष आणि विचारांचा वेग जास्त सुधारला. आणि नोकरी मिळण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त! अर्थात ५४ म्हणजे फार नाहीत, आणि ते सगळे बोलू शकणारे होते. जादूची कांडी वगैरे समजू नका.

शिवाय सगळा घाम त्यानेच का गाळायचा? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, आणि समान संधीचं धोरण खासगी कंपन्यांनाही जाहीर करावं लागतं. तुमच्या एचआरला विचारून बघा, कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते! बेंगळुरूत 'एसएपी'ने तर २०१३च्या आधीच ऑटिस्टिक टेस्टर्स घेतले होते. आपल्याकडे सुरुवातीला एवढं केलं तरी चालेल: काम तोंडी न सांगता मेलवर द्या, मीटिंगचे मुद्दे आदल्या दिवशी पाठवा. आणि 'नाही' म्हणायचं असेल, तर सरळ 'नाही' म्हणा.